पहिल्या स्पर्धेची चिटणीस

यंदाच्या स्मरणिकेसाठी मंडळाच्या क्रीडास्पर्धांचा इतिहास मी लिहून द्यावा, असे चिटणीसबाईंनी सुचविले. जुन्या सभासदांपैकी लिहित्या हाताच्या आता आम्ही दोघी-तिघीच उरलो आहोत, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नव्हती. कपाटातून जुनी वही काढली. आपल्या मंडळाने पहिल्यांदा कॅरमची स्पर्धा भरविली, त्या वर्षीची ही वही. ते काम कार्यकारिणीने माझ्या गळ्यात घातले होते. पहिल्या पानावर भाग घेणाऱ्या भगिनींची नावे, दुसऱ्यावर जमा-खर्च, आणि तिसऱ्यावर कोणी कोणाशी खेळायचे त्याचा तक्ता. हा तक्ता तीन वेळा खोडून पुन्हा लिहिलेला आहे. खरा इतिहास काय तो त्या खाडाखोडीत आहे, आणि नेमका तोच छापण्याजोगा नाही. कारण त्या स्पर्धेतील दोघींचे बोलणे पुढे कित्येक वर्षे बंद होते, आणि आता कुठे त्या हळदीकुंकवाला एकमेकींकडे जाऊ लागल्या आहेत.

म्हणून मी विषय थोडा दूर नेला आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे, काही बायकांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक स्पर्धा भरविली, तिची ही हकीगत. त्या बायका कॅरम खेळत नव्हत्या, गोल्फ खेळत होत्या. पण स्पर्धा भरविणे म्हणजे काय असते हे ज्यांनी एकदा अनुभवले आहे, त्यांना ही हकीगत वाचताना परक्या घरी गेल्यासारखे वाटणार नाही, असा मला विश्वास आहे.

आपल्या चेंबूरला गोल्फचे मैदान आहे, ते १९२७ सालचे. आपल्यापैकी बहुतेकींनी ते कुंपणाबाहेरूनच पाहिले असेल; मीही तसेच पाहिले आहे. हा खेळ आपल्या देशात तसा जुना. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. इतकी वर्षे शेजारी राहूनही हा पाहुणा आपल्या ओसरीवर कधी आला नाही, तेव्हा खेळाची दोन वाक्ये आधी सांगते. हिरवळीच्या लांब पट्ट्याच्या एका टोकाला उभे राहून काठीने लहानसा चेंडू टोलवायचा आणि पलीकडच्या टोकाला जमिनीत सव्वाचार इंच रुंदीचे जे भोक असते, त्यात तो कमीत कमी टोल्यांत घालायचा. या भोकाला होल म्हणतात. पूर्ण डाव अठरा होलांचा; मैदान नऊ होलांचेच असले तर तेच दोनदा खेळायचे. दोघी एकमेकींविरुद्ध खेळत असल्या की प्रत्येक होल ज्या त्या होलापुरता जिंकायचा. एखादीची आघाडी उरलेल्या होलांपेक्षा जास्त झाली, की सामना तिथेच संपला. सात होलांची आघाडी आणि पाच होल खेळायचे बाकी, असे झाले तर निकाल लिहितात 'सात आणि पाच'. हे 'सात आणि पाच' ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

बायका गोल्फ खेळू लागल्या त्या काही १८९३ साली नव्हे. स्कॉटलंडात एडिंबरोजवळ मसलबर्ग नावाचे गाव आहे. तिथल्या कोळणी डोक्या-पाठीवर माशांच्या पाट्या घेऊन मैलोगणती चालत शहरात विकायला जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या गावच्या पाद्रीसाहेबांनी लिहून ठेवले आहे, की या बायका सुटीच्या दिवशी गोल्फ खेळतात, आणि वर्षातून एका ठरलेल्या दिवशी लग्न झालेल्या विरुद्ध लग्न न झालेल्या असा फुटबॉलचा सामना करतात. त्यात जिंकतात त्या नेहमी लग्न झालेल्याच. (याचे मला मुळीच नवल वाटले नाही.) डिसेंबर १८१० मध्ये तिथल्या गोल्फ क्लबाच्या पुरुष मंडळींनी ठरविले, की येत्या नववर्षाला या कोळणींपैकी जी उत्तम खेळेल तिला बक्षीस द्यायचे. बक्षीस काय, तर मासे वाहायची नवी पाटी, आणि वर रेशमी रुमाल. आपल्या वरळी-वर्सोव्याच्या कोळणींना कुणी असे बक्षीस दिले असते, तर त्यांनीही ते आनंदाने घेतले असते. पाटी रोज उपयोगी पडणारी आणि रुमाल मिरवायला. परंतु स्पर्धा ठरविणारे पुरुष, नियम पुरुषांचे आणि बक्षीसही त्यांनीच निवडलेले. बायकांनी फक्त खेळायचे.

पुढे १८६७ मध्ये सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या पंढरीत बायकांचा स्वतंत्र क्लब निघाला, दुसऱ्या वर्षी इंग्लंडात डेव्हनला एक निघाला. पण तिथे बहुधा चेंडू हलक्या हाताने भोकात ढकलण्यापुरताच खेळ होता. दूर टोला मारणे स्त्रियांना शोभत नाही, असा समज. लॉर्ड वेलवुड म्हणून स्कॉटलंडातले एक न्यायाधीश होते. १८९० साली निघालेल्या गोल्फवरच्या एका मोठ्या ग्रंथात त्यांनी लिहिले, की बायकांचा टोला सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे जाऊ नये; कारण त्यापुढे चेंडू न्यायचा तर काठी खांद्याच्या वर न्यावी लागते, आणि बायकांच्या पोशाखात ते काही डौलदार दिसत नाही. न्यायाधीशांना निवाडा देण्याची सवय असते, तसा त्यांनी हाही देऊन टाकला. पोशाखात गैरसोय होती तर पोशाख बदलावा, हे त्यांच्या मनात आले नाही. आपल्याकडे नऊवारीचा काष्टा मारून बायका भातलावणी करतात आणि विहिरीतही उतरतात. काठी खांद्यावर नेण्यात अडचण बायकांच्या हाताची नव्हती, घट्ट बाह्यांची आणि घोळदार झग्याची होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. लंडनजवळच्या विम्बल्डन येथे बायकांचा एक गोल्फ क्लब होता. विम्बल्डन म्हटले की आपल्याला टेनिस आठवते, आणि तिथे टेनिसमध्ये १८८४ पासून बायकांचे सामने होतही होते. गोल्फमध्ये मात्र तसे काही नव्हते. या क्लबात इझेट पिअर्सन नावाची एक कुमारिका होती. वय तिशीच्या थोडे पुढे, खेळ चांगला, स्वभाव करारी. बायकांचे जे निरनिराळे क्लब ठिकठिकाणी निघाले होते त्यांनी एकत्र यावे, सर्वांचे नियम एक असावेत आणि वर्षातून एकदा सर्वांची मिळून स्पर्धा व्हावी, हे तिने मनावर घेतले. तिला पाठबळ मिळाले ते डॉ. लेडलॉ पर्व्हस यांचे. हे स्कॉटलंडचे, लंडनमध्ये डोळ्या-कानांचे शस्त्रवैद्य. सँडविच येथील प्रसिद्ध गोल्फ क्लब त्यांनीच १८८७ मध्ये काढलेला.

त्याच सुमारास ब्लँश मार्टिन नावाच्या दुसऱ्या एका कार्यकर्तीने आपल्या ओळखीच्या एका नामांकित खेळाडूला पत्र लिहून सल्ला विचारला. त्याचे नाव होरेस हचिन्सन. हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो १८८६ आणि १८८७ अशी लागोपाठ दोन वर्षे पहिला आलेला, गोल्फवर पुस्तके लिहिणारा, म्हणजे अधिकारी पुरुष. त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. त्यातला आशय असा: बायकांनी एकजुटीने काही तडीस नेल्याचे आजवर दिसलेले नाही, त्या आपसात भांडतील. शरीराने त्या या खेळाला लायक नाहीत, एका दिवसात दोन डाव त्यांना झेपणार नाहीत, समुद्रकाठच्या वाऱ्यापुढे त्यांचा टिकाव लागायचा नाही, मनावरचा ताण तर त्याहून सोसवायचा नाही. बायकांची पहिली स्पर्धा हीच त्यांची शेवटची ठरेल. सबब असला संघ काढण्याचे श्रम घेण्यात काही फारसा अर्थ नाही.

हे पत्र त्याने वाईट बुद्धीने लिहिले असेल असे मला वाटत नाही. त्याला विचारले म्हणून त्याने सांगितले, आणि तो मोकळेपणाने बोलला. मला राग येतो तो निराळ्या कारणाने. स्पर्धा भरविणे किती कठीण असते, पुरुषांनी पहिल्यांदा ती भरविली तेव्हा काय काय घोटाळे झाले, हे त्याच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. कारण त्या घोटाळ्याच्या मध्यभागी तो स्वतः होता.

ती गोष्ट अशी. पुरुषांची हौशी स्पर्धा पहिल्यांदा १८८५ मध्ये लिव्हरपूलजवळ हॉयलेक येथे झाली. बाद पद्धतीची स्पर्धा, म्हणजे हरला तो बाहेर. अशा स्पर्धेत खेळणाऱ्यांची संख्या आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट अशी असली तरच सर्व काही सुरळीत निम्मे निम्मे होत जाते. तशी नसेल तर काहींना न खेळताच पुढच्या फेरीत पाठवावे लागते, त्याला आपण 'बाय' म्हणतो. हे सारे बाय पहिल्याच फेरीत देऊन टाकायचे, आणि दुसऱ्या फेरीला बरोबर सोळा किंवा बत्तीस उरतील असे करायचे, ही त्यातली गोम. हॉयलेकच्या मंडळींना ती सुचली नाही. त्यांनी प्रत्येक फेरीला जो विषम उरेल त्याला पुढे ढकलले. परिणाम असा, की उपांत्य फेरीला चारऐवजी तीनच जण उरले. त्यातला मॅकफी नावाचा गृहस्थ काठी न उचलता अंतिम सामन्यात जाऊन बसला, आणि हचिन्सनला मात्र उपांत्य सामन्यात जॉन बॉलसारख्या खंद्या खेळाडूशी झुंजावे लागले. तो जिंकला, पण अंतिम सामन्यात मॅकफीने त्याचा 'सात आणि सहा' असा पाडाव केला. त्या स्पर्धेला पहिली अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा मानायचे की नाही याचा निर्णयही लगेच झाला नाही. मॅकफीचे नाव विजेत्यांच्या यादीत रीतसर चढले ते १९२२ साली!

भगिनींनो, हे मी वाचले त्या दिवशी माझ्या मनावरचे पुष्कळ वर्षांचे ओझे उतरले. आपल्या त्या कॅरमच्या स्पर्धेला अकरा नावे आली होती. मी पाच जोड्या लावल्या आणि उरलेल्या एकीला बाय दिला. दुसऱ्या फेरीला सहा जणी, तिसरीला तीन. आता तिघींचे काय करायचे? चिठ्ठ्या टाकल्या, आणि एक भगिनी न खेळता अंतिम सामन्यात गेली. त्यावरून जे झाले ते झाले. अकरा नावे असली तर पहिल्या फेरीत तीनच सामने लावायचे आणि पाच जणींना बाय द्यायचा, म्हणजे आठ उरतात, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. पण हॉयलेकच्या बड्या बड्या गृहस्थांनाही ते कोणी सांगितले नव्हते. त्यावरून 'पुरुषांना एकजुटीने काही तडीस नेता येत नाही' असे मात्र कोणी म्हटले नाही.

असो. पत्र आले तरी काम थांबले नाही. १९ एप्रिल १८९३ रोजी लंडनमध्ये निरनिराळ्या क्लबांच्या प्रतिनिधींची सभा भरून लेडीज गोल्फ युनियनची स्थापना झाली. मिस पिअर्सन मानद चिटणीस झाली. संघाने जे उद्देश ठरविले ते वाचले की कोणीतरी व्यवहारी बाई टेबलाशी बसली होती हे लगेच कळते. खेळाचा प्रसार करणे हा एक उद्देश झालाच, तो सगळ्याच संस्थांचा असतो. पण त्यापुढे: सर्वांना बांधील असे एक नियम मंडळ असावे, कमीअधिक ताकदीच्या खेळाडूंना सूट देण्याची पद्धत सर्वत्र एकच असावी, वाद निघाला तर निवाडा करणारे ठिकाण असावे, आणि दरवर्षी एक स्पर्धा भरवावी व तिला लागणारा पैसा उभा करावा. पैशाचा उल्लेख उद्देशातच! नुसती स्पर्धा भरवू असे म्हणणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

सभा एप्रिलमध्ये, आणि स्पर्धा जून महिन्याच्या मध्यास. मध्ये धड दोन महिनेही नव्हते. तो टपालाचा काळ. प्रत्येक गोष्ट पत्राने विचारायची आणि पत्राचीच वाट पाहायची. जागा ठरली ती लँकेशायरच्या समुद्रकिनाऱ्यावर, ब्लॅकपूलजवळच्या लिथम-सेंट अ‍ॅन्स येथील बायकांचे नऊ होलांचे मैदान. लंडनपासून हे दिवसभराच्या आगगाडीच्या प्रवासाचे ठिकाण. मुली-बाळींनी एकट्याने असे जाऊन चार दिवस राहायचे, ही तेव्हाच्या घरंदाज कुटुंबांत साधी बाब नव्हती. कोणाबरोबर जायचे, उतरायचे कोठे, कोण कोण येणार आहे, हे प्रश्न आपल्याकडे होतात तसेच तिथेही झाले असणार.

तरीसुद्धा अडतीस नावे आली.

अडतीस हा आकडा पाहिला आणि माझ्या डोळ्यांपुढे तक्ता उभा राहिला. बत्तीसपर्यंत यायचे तर पहिल्या फेरीत सहाच सामने, बारा जणींचे. उरलेल्या सव्वीस जणींना बाय. एकंदर सामने सदतीस, कारण प्रत्येक सामन्यात एकच बाई बाद होते आणि शेवटी एकच उरायची असते. तेवढ्या सामन्यांना मैदान मोकळे हवे, एकीच्या चेंडूने दुसरीला लागू नये इतके अंतराने सोडायला हवे, काठ्यांची पिशवी उचलणारी पोरे हवीत, गुण लिहिणारे हवेत आणि नियमाचा वाद निघाला तर तो सोडविणारे कोणी हवे. हे सर्व सांभाळणारी चिटणीस स्वतः स्पर्धेत खेळतही होती.

खेळायला आलेल्यांत लेडी मार्गारेट स्कॉट ही वीस वर्षेही पुरी न झालेली मुलगी होती. अर्ल ऑफ एल्डनची ही कन्या. तिचे भाऊ सगळे गोल्फवेडे. त्यांच्यातला मायकेल तर पुढे १९३३ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पुरुषांची हौशी स्पर्धा जिंकला. घरच्या मैदानावर भावांबरोबर लहानपणापासून खेळल्यामुळे काठी खांद्याच्या वर न्यावी की नाही हा प्रश्नच तिला कधी पडला नव्हता. ती काठी चांगली पाठीमागे पार नेऊन टोला मारी. घरात भाऊ असले आणि त्यांनी बरोबर खेळायला घेतले तर मुलीचा हात कसा तयार होतो, हे आपणही विटीदांडूपासून पाहत आलो आहोत.

अंतिम सामन्याला दोघी उरल्या: लेडी मार्गारेट स्कॉट आणि चिटणीस इझेट पिअर्सन. निकाल 'सात आणि पाच'. चिटणीस हरली.

खरे सांगायचे तर हे वाचून मला थोडे बरेच वाटले. ती जिंकली असती तर स्पर्धा हिनेच भरविली, तक्ता हिनेच केला आणि चषकही हिनेच नेला, असे कोणीतरी म्हटलेच असते. आपल्या लोकांत म्हटले असते आणि त्यांच्यातही म्हटले असते. हरण्याचे दुःख तिला किती झाले असेल ते तीच जाणे. हचिन्सन १८८५ साली हरला होता त्याहून तिचा पराभव एका होलाने कमीच होता! पण तिच्यापुढे दुसरे काम होते. बक्षीससमारंभ उरकला, हिशेब झाला, आणि पुढच्या वर्षीची स्पर्धा केंट परगण्यातील लिटलस्टोन येथे ठरली. तिथेही अंतिम सामन्याला याच दोघी होत्या. तेव्हा 'तीन आणि दोन' असा निकाल लागला, चिटणीस पुन्हा हरली. १८९५ साली स्पर्धा आयर्लंडात पोर्टरश येथे झाली, तीही लेडी मार्गारेटनेच जिंकली. ओळीने तीन वर्षे चषक नेऊन ती या स्पर्धेतून बाजूला झाली, ती पुन्हा उतरली नाही.

त्या बायका खेळत कोणत्या कपड्यांत, हेही सांगण्यासारखे आहे. ताठ खळ दिलेली कॉलर, खांद्याशी फुगलेल्या बाह्या, जमिनीला टेकणारा झगा आणि टाचण्यांनी केसांना खोचलेली टोपी. समुद्राचा वारा आला की झगा उडून चेंडू दिसेनासा होई. यावर एक तोड निघाली. मिस हिगिन्स नावाच्या एका खेळाडूने रबरी पट्टा वापरायला सुरुवात केली. एरवी तो कमरेला असे, टोला मारायच्या वेळी गुडघ्यांपर्यंत खाली ओढला की झगा जागच्या जागी राही. त्या पट्ट्याचे नावच मग 'मिस हिगिन्स' पडले. मेबल स्ट्रिंगर म्हणून संघाची एक जुनी कार्यकर्ती होती. तिने १९२४ मध्ये आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत त्या पोशाखाच्या हाल-अपेष्टा आल्या आहेत. लॉर्ड वेलवुडना जे डौलदार दिसत नव्हते ते या बायकांनी अशा कपड्यांत करून दाखविले, आणि चेंडू तेव्हा गटापर्चाचा, मलायाकडच्या झाडांच्या चिकाचा, आजच्यापेक्षा टणक आणि जड हाताने मारावा लागणारा.

पण मला विचाराल, तर मिस पिअर्सनचे खरे काम चषकाचे नव्हेच. ते आहे सूट देण्याच्या पद्धतीचे, तिला हँडिकॅप म्हणतात. एखादी तरबेज बाई ऐंशी टोल्यांत डाव पुरा करते आणि एखादी शंभर टोल्यांत. दोघींनी खेळायचे तर दुसरीच्या शंभरातून वीस वजा करायचे. मग ज्या दिवशी जी आपल्या नेहमीच्या खेळापेक्षा सरस खेळेल ती जिंकेल. कल्पना सोपी. अडचण अशी, की प्रत्येक क्लब ही सूट आपल्या मनाने ठरवी. एका क्लबातले दहा म्हणजे दुसऱ्या क्लबातले वीस. जुन्या काळी आपल्याकडे पायली आणि शेर जसे जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे असत, माहेरची पायली सासरी नेली तर धान्य कमी भरे, तसे ते होते. मिस पिअर्सनने प्रत्येक मैदानाचे माप बाहेरून ठरवायला लावले, क्लबांकडून खेळांच्या नोंदी मागविल्या, ज्या नोंदी संशयास्पद वाटल्या त्या परत पाठविल्या. या कामी तिने पुष्कळांचा राग ओढवून घेतला. ती हुकूमशाही करते असे लोक म्हणत, आणि ते सर्वस्वी खोटे नसावे. काही वर्षांत देशभरच्या बायकांची एकच पद्धत झाली. पुरुषांना ती गोष्ट साधायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. लेडी मार्गारेटसारख्या चार जणींना या सुटीची गरज नव्हती. ती होती ती आठवड्यातून एकदा दुपारी दोन तास मोकळ्या होणाऱ्या, ओबडधोबड खेळणाऱ्या, पण खेळायची हौस असलेल्या शेकडो बायकांना.

कारभार आपल्या हाती ठेवणे किती महत्त्वाचे, याचे उलट उदाहरण अमेरिकेत मिळते. तिथे न्यू जर्सीत मॉरिस काउंटी येथे १८९४ मध्ये बायकांनी स्वतः गोल्फ क्लब काढला, मैदान तयार केले. क्लब नावारूपाला आला आणि थोड्याच काळात त्याचा कारभार पुरुषांच्या हाती गेला. अमेरिकेतील बायकांची राष्ट्रीय स्पर्धा नोव्हेंबर १८९५ मध्ये लाँग आयलंडवर सुरू झाली. तेरा जणी खेळल्या आणि जिंकणाऱ्या बाईंना अठरा होलांना १३२ टोले लागले. कोणी हसेल. मी हसणार नाही. पहिल्या वर्षी तेरा नावे आली हेच पुष्कळ.

हचिन्सनने शेवटची म्हटलेली ती स्पर्धा पुढे दोन महायुद्धांचा काळ वगळता चालू राहिली आणि आजही होते. सेंट अँड्र्यूजच्या ज्या रॉयल अँड एन्शंट क्लबाकडे खेळाचे नियम होते, त्याने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव केला तो २०१४ साली. लेडीज गोल्फ युनियन २०१७ मध्ये त्याच नावाने चालणाऱ्या नियामक संस्थेत विलीन झाली. हे बरे झाले की वाईट यावर त्यांच्यात दोन मते असणारच. आणि लिथमची आणखी एक गोष्ट. तिथला क्लब १८९७ मध्ये जवळच नव्या जागेवर गेला. त्या मैदानावर २००९ साली बायकांची ब्रिटिश ओपन स्पर्धा झाली. चार दिवस, रोज अठरा होल, समुद्राचे वारे तेच. ती जिंकली स्कॉटलंडच्या कॅट्रिओना मॅथ्यू यांनी. त्यांची धाकटी मुलगी तेव्हा अकरा आठवड्यांची होती.

मिस पिअर्सनचे लग्न १९११ मध्ये झाले. राष्ट्रीय स्पर्धा तिला कधीच जिंकता आली नाही. १८९६ ची चौथी स्पर्धा हॉयलेकला झाली, म्हणजे पुरुषांच्या बायचा घोटाळा जिथे झाला त्याच गावी. विजेती म्हणून तिथे एमी पॅस्को हिचे नाव लागले. संघाची चिटणीस तीच होती, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे तीच राहिली.

यंदाच्या वर्धापनदिनाच्या कॅरम स्पर्धेसाठी चिटणीसबाईंकडे हा लेख लिहीपर्यंत तेवीस नावे आली आहेत. म्हणजे पहिल्या फेरीत सात सामने आणि नऊ बाय. तक्ता मी करून दिला आहे.